बैलाचा डावा इंडिकेटर

माझ्या गाडीच्या मागच्या बंपरखाली एक काळं, गोल, झाकणाचं सॉकेट आहे. सर्व्हिसिंगला गाडी टाकली की तिथला नवा माणूस हमखास विचारतो, "मॅडम, हे कशाला? मागे काय ओढता तुम्ही?" मी खरं तेच सांगते, "बैल." तो हसतो, शेजारच्यालाही हसायला बोलावतो आणि मला जरा सरकलेली समजून कामाला लागतो. त्याचं मला काही वाटत नाही. ज्या बाईंमुळे हे सॉकेट तिथे आलं, त्यांनाही अख्खी कॉलनी सरकलेलीच समजायची आणि त्यावाचून त्यांचं कधी काही अडलं नाही.

त्या माझ्या घरमालकीण. सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. नागपूरला नोकरी लागली तेव्हा मी नाशिकहून आले होते आणि शहराच्या कडेच्या बेसा भागात खोली शोधत होते. एका घरावर 'वरचा मजला भाड्याने' अशी पाटी दिसली. मी बेल दाबली. वाजली नाही. पुन्हा दाबली, पुन्हा नाही. परत दाबणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "दाबत काय बसली वं? दार लोटून पाह्य ना, उघडंच आहे."

आत एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई पदर कमरेला खोचून बसली होती. अंबाड्यात फुलाच्या जागी टेस्टर खोचलेला.

"बेल मीच तोडून ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "भाडेकरू पाहाले. काही लोक एकदा दाबते न् चालले जाते. तू दाबूनच राहिली होती. म्हणजे चिकाटी आहे, अक्कल यायची आहे. ये, चहा घे."

काकूंची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, आणि तीही टेबलामागे नाही. रस्त्यात खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, जाडजूड केबल सोलायची आणि त्यातल्या केसांसारख्या रंगीत तारांमधून नेमकी मेलेली तार शोधून जोडायची, हे त्यांचं काम. त्या रिटायर झाल्या, पण खड्ड्यातून बाहेर काही आल्या नाहीत. कपडे वाळत घालायची दोरी टेलिफोनच्या तारेची. तुळशीला आधार तारेचा. देवघरातल्या हारातला दोराही तारेचाच. फोन उचलला की "हॅलो" म्हणायच्या आधी त्या "टेस्टिंग" म्हणत, आणि पलीकडच्याने आवाज नीट येतो असं कबूल केल्याशिवाय पुढे बोलत नसत. केबलमध्ये तारांच्या रंगांचा एक ठरलेला क्रम असतो म्हणे. त्या क्रमाने त्यांच्या साड्या. सोमवारी निळी, मंगळवारी नारिंगी, बुधवारी हिरवी, गुरुवारी तपकिरी, शुक्रवारी राखाडी. आमच्या गल्लीतली भाजीवाली काकूंची साडी बघून वार सांगायची आणि ती कधी चुकली नाही.

त्यांचं एक वाक्य होतं, "फॉल्ट तारेत नसते, जोडात असते." हे त्या कशालाही लावत. मिक्सर बिघडला तरी तेच आणि शेजारच्या नवराबायकोचं वाजलं तरी तेच. एकदा ते दोघं अंगणात येऊन भांडायला लागले तेव्हा काकू कुंपणापाशी जाऊन म्हणाल्या, "तू बी चांगला आहे, ते बी चांगली आहे. मधात कोणीतरी कच्चा जोड मारून गेलं." दोघं एकमेकांना सोडून काकूंवर घसरले, पण त्यांचं भांडण मिटलं हेही खरं.

दुसरं वाक्य होतं ते त्या जरा गंभीरपणे म्हणत. "करंट जाते, ते सगळेच पाहते. परत कुठून येते, ते कोणी पाहत नाही." वीज नुसती जाऊन भागत नाही, तिला परतीची वाट लागते, ती वाट तुटली की दिवा लागत नाही. त्या वाटेला काकू 'अर्थ' म्हणत. काही बंद पडलं की आधी अर्थ बघायची, मग बाकीचं. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं. ही गोष्ट पुढे कामाला आली, म्हणून सांगून ठेवते.

आता बैल. समोरच्या खोलीत, जिथे लोक सोफा ठेवतात, तिथे तो उभा असे. माझ्या छातीपर्यंत उंच, पांढराशुभ्र, शिंगांना पितळी टोपणं, गळ्यात घुंगरमाळ. काचेचे डोळे असे की खोलीत कुठेही उभं राहा, तो आपल्याकडेच बघतो. पायांखाली जाड फळी आणि फळीला स्कूटरची चार चाकं. पहिल्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन मी भारावून म्हणाले, "केवढा सुंदर लाक—"

काकूंनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. मला धरून अंगणात नेलं, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तो शब्द त्याच्यासमोर म्हणाचा नाही. या घरात राहाचं असन तं एवढाच नेम आहे. बाकी कधीही ये, कधीही जाय."

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर महालातलं, म्हणजे जुन्या नागपुरातल्या महाल भागातलं, वडील सुतार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा असतो. आदला दिवस शेतातल्या बैलांचा आणि हा दिवस पोरांचा, चाकांवरच्या बैलांचा. पोरं आपापला बैल सजवून तोरणाखाली ओळीत उभा करतात आणि मग घरोघर नेऊन खाऊ मागतात, त्या खाऊला बोजारा म्हणतात. काकूंच्या भावांना बैल होते, काकूंच्या हातात फक्त आरतीचं ताट. "मी अशी बोंबलली वं, की बाप म्हणे, गप हो, तुले असा करून देतो की कोणी मागं ढकलूच नाही शकन. लहान बैल कोणीही ढकलते." पहिल्या वर्षी तो ओळीत सर्वांत पुढे राहिला, कारण गल्लीत दुसरीकडे कुठे मावलाच नाही. पुढच्या वर्षीपासून तो मान झाला. आपल्याकडचे बरेचसे मान असेच सुरू झाले असावेत.

बैल घरी आला तेव्हा काकूंनी वडलांना विचारलं होतं, "बाबा, हा खरा आहे का?" वडील म्हणाले, "खराच आहे. पण ज्या दिवशी तू त्याच्यासमोर त्याले लाकडाचा म्हणशील, त्या दिवशी तो लाकडाचा होईन." मुलगी मोठी झाली, खात्यात लागली, जन्मभर करंट मोजत राहिली, पण हा धोका काही तिने पत्करला नाही. मीही तेव्हापासून जीभ सांभाळली.

काकू बेसाला राहायला आल्या तरी मान महालातच होता. दर तान्ह्या पोळ्याला त्यांच्या भावाची जुनी जीप यायची आणि बैल तिच्या मागे स्वतःच्या चाकांवर महालात जायचा. टेंपोत घालून न्यायचं नाव कोणी काढलं तर काकूंचा पारा चढायचा. "बैल टेंपोत चढला म्हणजे तो विकाले चालला. सणाच्या दिवशी त्याले असं वाटू देऊ का मी?" आणि गल्लीतला नियम असा की एक वर्ष बैल आला नाही तर मान दुसऱ्याला. त्या दुसऱ्याने, म्हणजे गल्लीतल्या एका होतकरू पुढाऱ्याने, फायबरचा, पोटात लाउडस्पीकर असलेला बैल आणूनही ठेवला होता.

मी राहायला येण्याच्या आदल्याच तान्ह्या पोळ्यापासून दोन संकटं लागोपाठ आली. परतताना अंधार पडला आणि मानेवाडा चौकात ट्रॅफिक पोलिसाने जीप अडवली. "मागं लाईट नाही, इंडिकेटर नाही. कोणी येऊन धडकलं तं? पुढच्या साली असा दिसला तं बैल जमा करीन." काकू त्याला म्हणाल्या, "जमा कर, पण चारा तूच टाकजो." त्याने सोडलं, पण धमकी खरी होती. दुसरं म्हणजे पुढे उन्हाळ्यात ती जीपच भंगारात गेली.

आणि नेमकी मी पावसाळ्याच्या तोंडावर गाडी घेतली. आयुष्यातली पहिली, अगदी नव्या पद्धतीची, हात लावला की पिंकपिंक करणारी. कॉलनीतले सगळे पुढून गाडी बघत होते, पेढे खात होते. काकू मागे गेल्या आणि हिरव्या साडीनिशी, म्हणजे बुधवार होता, सरळ जमिनीवर आडव्या होऊन बंपरखाली बघू लागल्या.

"हूक बसन," त्या खालूनच म्हणाल्या.

"कसला हूक?"

"मागं काही वोढाचं असन तं."

मी त्या दिवशी साफ नाही म्हणाले. माझ्या नव्याकोऱ्या गाडीला बैल जोडायचा म्हणजे काय! काकूंनी एका शब्दाने आग्रह केला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तेव्हा बैलाचं तोंड जिन्याकडे वळवलेलं होतं. समोरच्या खोलीचं दार सताड उघडं. वर जाताना तो माझ्याकडे बघायचा, खाली येतानाही बघायचा. सकाळी डबा घेऊन घाईत निघाले तरी बघायचा. आठवडाभर मी मान खाली घालून जिना चढले-उतरले आणि मग एका संध्याकाळी काकूंच्या दारात जाऊन म्हणाले, "बसवा हूक. पण माझ्या गाडीला काही झालं तर..."

"काही नाही होत वं. चार तर तारा आहे. जीपीले मी डोळे मिटून जोडले असते."

कळमेश्वरच्या एका वर्कशॉपमधून हूक करून आला. मग एका रविवारी काकूंनी अंबाड्यातला टेस्टर उपसला, गाडीच्या मागच्या दिव्याच्या तारा सोलल्या आणि बैलासाठी आणलेल्या दिव्यांच्या तारा त्यांना पीळ देऊन जोडल्या. खात्याचा पीळ, बघत राहावा असा. "लाव आता डावा इंडिकेटर," त्या म्हणाल्या.

मी लावला. एकदा टिक झालं. मग डॅशबोर्डवर पिवळं चिन्ह उगवलं, इंग्रजीत 'मागचा दिवा तपासा' असं काहीतरी आलं आणि गाडीने मागचा डावा दिवा स्वतःहून बंद करून टाकला. मी घाबरून गिअर टाकला तो रिव्हर्स पडला. मागे बैल उभा होता. मागे काहीतरी आहे म्हणून गाडीने अशी काही बोंब ठोकली की शेजारचे नवराबायको एका मताने गॅलरीत आले.

"गाडी घाबरते त्याले," काकू कौतुकाने म्हणाल्या.

मला मात्र रडू यायचं बाकी होतं. सर्व्हिसवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, तारा कापल्या असतील तर वॉरंटी विसरा. काकूंनी मुकाट्याने सगळे जोड सोडवले, टेप मारला. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली तेव्हा दिवा आला. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना माझ्या गाडीचं वाईट वाटलं. तसं नव्हतं. आपल्याला न कळलेली तार जगात आहे, हे त्यांना सहन होत नव्हतं.

पुढचे काही दिवस त्या माझ्या गाडीत जाऊन नुसत्या बसत. कधी ब्रेक दाबून, कधी इंडिकेटर लावून टेस्टिंगच्या मीटरकडे बघत राहत. एकदा मी ऑफिसला निघाले तर मागच्या सीटवर पोह्यांची बशी घेऊन बसलेल्या. तर्रीचा एक थेंब नव्या सीटवर पडला होता, तो अजून आहे. आणि मग एका सकाळी माझं दार धडाधडा वाजवून म्हणाल्या, "समजलं! तुही गाडी सासू आहे."

"काय?"

"जीप कशी होती, भोळी. दिव्याले करंट दिला न् विसरून गेली. त्याच्यातून कोणी थोडा अजून घेतला तं तिले पत्ता नाही. ही तशी नाही. कोणाच्या ताटात किती वाढलं, कोणी किती खाल्लं, हे मोजून राहिली सारखं. एका दिव्याच्या ताटात दोन जण जेवताना दिसले की ते ताटच उचलते. मी तिच्या पंगतीत चोरून बैल बसवला होता. आता बैलाचं जेवण वेगळं. बॅटरीवरून सरळ वायर घेऊ, मधात फ्यूज, न् तिच्याकडून फक्त निरोप घेऊ, की डावा लागला, ब्रेक लागला. खात्यात आमचे रिले असेच चालत, इशारा एकीकडून, करंट दुसरीकडून."

पण तेवढ्यावर सासूबाई ऐकणाऱ्या नव्हत्या. काकूंनी पेटीतून खात्याचे जुने रिले काढून जोडले, तर ते टरटर करत थरथरायला लागले. दिवा शाबूत आहे का, हे बघायला गाडी बंद दिव्यांनाही मधूनमधून चिमटे काढते आणि त्या चिमट्यांनी रिले दचकत होते. मग काकू सीताबर्डीला जाऊन काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आल्या. या कामासाठीच केलेली, कानावर निरोप घेणारी आणि गाडीच्या ताटातलं शीतही न उचलणारी. ती बसवली, बंपरखाली सॉकेट आलं. सॉकेटला टेस्टिंगचा दिवा लावून बघितलं, डावा, उजवा, ब्रेक, सगळं बिनबोभाट. डॅशबोर्डवर चकार शब्द नाही. काकूंनी गाडीच्या डिकीवर हलकेच थाप मारली आणि म्हणाल्या, "शहाणी आहे."

आता फक्त बैलाच्या मागे दिवे लावायचे राहिले होते. पण तोवर त्याला नवा रंग दिला होता आणि पावसाळी हवेत तो वाळता वाळेना. वाळला तो पोळ्याच्या दिवशी. मी म्हणाले, चला, आज सुट्टी आहे, दिवे लावून टाकू. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चप्पल घालून त्यांच्या देवघरात शिरले. "आज पोळा आहे. आज बैलाले कामाले लावत नाही." तूप-हळद लावून खांदे मळून झाले, पुरणपोळी दाखवून झाली, आणि बैल दिवसभर समोरच्या खोलीत विश्रांती घेत उभा राहिला. वायरी कोपऱ्यात पडून राहिल्या.

म्हणून सगळं तान्ह्या पोळ्याच्या सकाळी आलं. काकू त्या दिवशी पिवळ्या साडीत होत्या. ती त्यांच्या आठवड्यात बसत नसे, वर्षातून एकदाच निघायची. सकाळी महालात मारबतीची, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक असते, रस्ते बंद असतात. निघायचं होतं दुपारी. बैलाला भोक पाडायचा प्रश्नच नव्हता. दिव्यांची पट्टी शेपटीखाली फळीला बांधली, वायरी ओढल्या, अर्थची वायर मागच्या खुरापाशी असलेल्या जाड लोखंडी नटाला आवळली. प्लग सॉकेटमध्ये बसवला. मी डावा इंडिकेटर दिला.

चारही दिवे मरगळल्यासारखे मिणमिणले आणि विझले. ब्रेक दाबला, तेच. उजवा दिला, तेच.

काकूंनी डबी तपासली, फ्यूज तपासला, सगळे जोड सोडून पुन्हा बांधले. वायर न् वायर तपासली. ऊन चढलं, ढग आले, थोडा शिंतोडा पडून गेला. महालातून फोन आला. "टेस्टिंग," काकू म्हणाल्या. पलीकडून कोणी विचारत होतं, येऊन राहिले ना? नाहीतर त्या फायबरवाल्याने आपला बैल पुढे आणून ठेवला आहे. काकूंनी फोन ठेवला आणि पायरीवर बसल्या. टेस्टर अंबाड्यातून काढून मांडीवर ठेवला. त्यांना तशी बसलेली मी कधी बघितली नव्हती.

"गेलं वं माह्या हातातलं," त्या म्हणाल्या. "खड्ड्यात उतरून अंधारात जोडत होती मी. आता चार दिवे लागून नाही राहिले. बापानं दिलेला मान माह्या हातानं चालला."

मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण गप्प बसवेना म्हणून मीही बैलाच्या मागे जाऊन आडवी झाले आणि त्यांच्याचसारखी वायरींवरून बोट फिरवत गेले. करंट जातो तो इथून, ठीक. परत कुठून येतो? अर्थची वायर नटापर्यंत आली होती. नटाचा बोल्ट फळीत शिरला होता. आणि फळी...

लोखंडी ट्रॉली असती तर तिच्या अंगातूनच करंट परत फिरला असता. जन्मभर काकूंनी तशाच ट्रॉल्या, तसेच खांब, तशीच खोकी बघितली होती. नटाला अर्थ दिली की काम झालं. पण हा बैल होता. ज्या बाईने हजारो लोकांचे फॉल्ट शोधले, ती हा फॉल्ट शोधूच शकत नव्हती, कारण त्यासाठी बैल कशाचा आहे हे आधी मनात म्हणावं लागलं असतं.

मला उत्तर सापडलं होतं आणि तोंडातून काढता येत नव्हतं. मी वर बघितलं. बैल सरळ समोर बघत होता, पण तो ऐकत असणार असं मला वाटलं, खोटं कशाला बोलू. मी उठले, अंग झटकलं आणि शक्य तितक्या सहज म्हणाले, "काकू, याच्या अंगात लोखंड जरा कमी आहे का हो?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग नटाकडे बघितलं. मग बैलाच्या पाठीवरून, मानेवरून त्यांची नजर सावकाश शिंगांपर्यंत गेली. चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ते दुःख होतं की हसू, मला सांगता येणार नाही. मग त्या उठल्या, टेस्टर अंबाड्यात खोचला आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवून म्हणाल्या, "हाव. आहे कमी. वय झालं त्याचं. आण ती काळी वायर."

नटाची वायर सोडली. दिव्यांपासून थेट सॉकेटपर्यंत परतीची वेगळी वायर ओढली. मी डावा इंडिकेटर दिला. शेपटीखाली पिवळा दिवा ठसठशीत लागला, विझला, लागला. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायला लागले. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि ओरडल्या, "बैल जुपला, चाल!"

मानेवाडा चौकात तोच ट्रॅफिक पोलीस उभा होता. लांबूनच त्याने हात केला. गाडीभोवती एक चक्कर मारली, बैलामागे जाऊन उकिडवा बसला. "डावा," तो ओरडला. मी दिला. "उजवा." दिला. "ब्रेक." दाबला. शेपटीखाली लालभडक उजेड पडला, सिग्नलला थांबलेल्या लोकांनी टाळ्या पिटल्या. पोलीस खिडकीशी आला आणि काकूंना म्हणाला, "जा मावशी. शहरातल्या अर्ध्या गाड्यांपेक्षा तुमचा बैल बरा."

"असं कसं जा?" काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "तान्हा पोळा आहे. दारात बैल थांबवला नं तू? मग बोजारा दे."

त्याने खिसे चाचपले. एक बडीशेपेची पुडी निघाली, ती त्याने काकूंच्या हातावर ठेवली आणि बैलाला हात जोडून रस्ता मोकळा केला.

महालात पोचलो तेव्हा ओळ लागत होती. गल्लीच्या तोंडाशी काकूंनी मला मुद्दाम इंडिकेटर द्यायला लावला आणि सगळ्या गल्लीने माना वळवून बघेपर्यंत बंद करू दिला नाही. मग बैल सोडला, कासरा हातात घेतला आणि पिवळ्या साडीतली ती ठेंगणी बाई त्याला घेऊन ओळीच्या टोकापर्यंत चालत गेली. फायबरवाल्याने एकदा काकूंकडे बघितलं, एकदा बैलाकडे, आणि आपला बैल मागे घेतला. पोटातला लाउडस्पीकरही बंद केला. काकूंचा बैल पुढे उभा राहिला, रिवाजाप्रमाणे तोरण तोडलं गेलं, पोरांनी एकच गलका केला.

काकू जाऊन आता दोन पोळे झाले. बैल माझ्या फ्लॅटमध्ये आहे, जिथे लोक टीव्ही ठेवतात तिथे. आईला, कामाच्या बाईंना, येणाऱ्या-जाणाऱ्यांना नियम मी आधी दाराबाहेरच सांगते. दर वर्षी आम्ही महालात जातो आणि कासरा माझ्या हातात असतो. पण मला आठवत राहतो तो त्या पहिल्या वर्षीचा परतीचा रस्ता. अंधार पडू लागला होता. आरशात शिंगांची पितळी टोपणं चमकत होती. काकू बडीशेपेची पुडी हातात खेळवत होत्या.

"काच वर कर," त्या एकदम म्हणाल्या.

मी केली. त्यांच्या बाजूचीही केली. काकूंनी मागे वळून एकदा अंदाज घेतला आणि माझ्याकडे झुकून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "लाकडाचा आहे वं तो. मले का माहीत नाही? बापानं सांगितलं तवाच माहीत होतं. सुताराची पोर आहे मी. पण त्याच्यासमोर काहून म्हणाचं?"

मी आरशात बघितलं, तो मागून येतच होता. काकूंनीही एकदा तिकडे बघितलं.

"माह्या मागून त्याले कोणी टेंपोत घालन, एवढीच भीती वाटते. तू ते सॉकेट काढू नको."

"नाही काढत."

"गाडी बदलली तं?"

"नव्या गाडीला बसवीन."

"नवी याहून कजाग सासू निघाली तं?"

"तिलाही पटवू."

काकूंनी मान डोलावली, बडीशेपेची पुडी फोडली, अर्धी माझ्या हातावर दिली. आमची गल्ली आली. मी डावा इंडिकेटर दिला आणि मागे भिंतीवर पिवळा उजेड पडू लागला. "खाली कर आता काच," काकू म्हणाल्या. मी केली. त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि मागे बघून मोठ्याने हाक दिली, "आलं गा घर, आलं."